ओपस देईबद्दल वाचताना खरी तक्रार कुठली आणि वावडी कुठली, हे कसं ओळखायचं

ओपस देई ही कॅथलिक चर्चमधली एक संघटना, आणि हे नाव बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं ते २००३ च्या 'द दा विंची कोड' ह्या जगभर गाजलेल्या थ्रिलर कादंबरीमुळे, नाहीतर २००६ ला त्यावर आलेल्या पिक्चरमुळे. त्यात एक पांढराफटक साधू असतो, मांडीला काटेरी पट्टा आवळतो आणि संघटनेसाठी खून पाडत हिंडतो. आता गंमत बघा, ओपस देईमध्ये साधू नसतातच, मठ नाही, झगा नाही, बहुतेक मेंबर नोकरीधंदा करणारे, लग्न झालेले, पोराबाळांचे आईबाप. पण काटेरी पट्टा मात्र खरा आहे. साधू खोटा, पट्टा खरा. ह्या विषयावर जे काही वाचायला मिळतं ते सगळं असंच कालवलेलं असतं, आणि वाचणारा एकतर सगळंच खरं मानतो, नाहीतर साधू खोटा निघाला म्हणून बाकीचंही खोटंच असणार असं धरून मोकळा होतो.

मी स्वतः पहिल्या गटातला. एकदा एका ग्रुपवर मोठ्या तावातावाने पोस्ट टाकली की ओपस देईच्या संस्थापकाने मुलांवर अत्याचार केले आणि पोपने त्याला शिक्षा दिली वगैरे, आणि खाली एकाने शांतपणे लिहिलं की दादा, तो माणूस वेगळा, संघटना वेगळी, देशपण वेगळा. मी बोलत होतो ते मार्सिअल मासिएलबद्दल. तो मेक्सिकोचा, त्याने १९४१ ला लीजनरीज ऑफ क्राइस्ट काढली, २००६ ला व्हॅटिकनने त्याला सार्वजनिक काम सोडून प्रार्थना-प्रायश्चित्तात राहायला सांगितलं, २००८ ला वारला, आणि २०१९ मध्ये त्याच्याच संघटनेने रिपोर्ट काढून कबूल केलं की ३३ पाद्र्यांनी १७५ अल्पवयीन मुलांवर अत्याचार केले, त्यातल्या निदान ६० मुलांवर एकट्या मासिएलने. भयंकर आहे आणि खरं आहे, पण ओपस देईचं नाही. दोन्ही श्रीमंत, दोन्ही परंपरावादी, दोन्ही स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतनं आलेल्या, म्हणून लोक सर्रास गल्लत करतात. तेव्हा पहिलं काम हेच, पोस्ट नक्की कोणाबद्दल आहे ते बघा. अर्ध्या वेळा तिथेच निकाल लागतो.

त्या फजितीनंतर मी ह्या विषयावरचं जे काही वाचेन ते एका फाईलीत टिपून ठेवायला लागलो, आणि टिपता टिपता जी पद्धत बसली ती इथे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या संघटनेबद्दलच्या खऱ्या तक्रारी बऱ्याचदा कंटाळवाण्या असतात. पगार दिला नाही, पत्रं उघडून वाचली, घरी जाऊ दिलं नाही, वयाच्या चौदाव्या वर्षी आयुष्यभराचा निर्णय घ्यायला लावला. खून, खजिना, पोपला विष, असलं काही नाही. म्हणून शोधताना कंटाळवाण्या भागाकडे जा.

आधी घराची रचना समजून घ्या

हे केल्याशिवाय पुढे जाऊच नका, कारण "अमका माणूस ओपस देईचा आहे" ह्या वाक्याला तसा काहीच अर्थ नसतो.

होसेमारिया एस्क्रिवा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने २ ऑक्टोबर १९२८ ला माद्रिदमध्ये ही सुरू केली. मूळ विचार ऐकायला साधा आहे, संत व्हायला संसार सोडायची गरज नाही, रोजचं काम मन लावून करा आणि तेच देवाला वाहा. १९३० पासून बायकांनाही घेतलं. एस्क्रिवा १९७५ ला वारले आणि २००२ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत जाहीर केलं, चर्चच्या हिशोबाने हे फारच लवकर झालं आणि त्यावर तेव्हाही कुरबुर झाली होती. आज जगभरात ९०,००० च्या वर मेंबर, त्यात पाद्री साधारण २,०००. कॅथलिक आहेत १४० कोटी. हा आकडा डोक्यात ठेवा, "जग चालवतात" वगैरे वाचाल तेव्हा कामाला येतो.

आता मेंबरांचे प्रकार. सगळ्यात जास्त सुपरन्युमररी, दहातले सातेक, हे लग्न झालेले, आपापल्या घरी राहणारे. मग न्युमररी, हे लग्न करत नाहीत, संघटनेच्या सेंटरमध्ये राहतात, बाहेर डॉक्टर वकील प्रोफेसर काहीही असतील पण कमाई संघटनेकडे जाते. असोसिएट पण अविवाहित, फक्त सेंटरमध्ये न राहता स्वतःच्या घरी राहतात. आणि मग न्युमररी असिस्टंट. ह्या फक्त बायका. सेंटरमधला स्वयंपाक, धुणं, इस्त्री, साफसफाई हेच त्यांचं आयुष्यभराचं काम, आणि संघटनेच्या भाषेत तेच त्यांचं ईश्वरी बोलावणं. ह्या सगळ्यांच्या बाहेर कोऑपरेटर, म्हणजे मदत करणारे, हे मेंबर नसतातच, कॅथलिक असण्याचीही अट नाही.

तो पट्टा आहे ना, सिलिस म्हणतात त्याला, बारीक तारेची साखळी असते आणि तिची टोकं आतल्या बाजूला वळवलेली, मांडीला वरच्या बाजूला बांधायची, दिवसातनं दोनेक तास, रविवारी आणि सणाला सुट्टी. शिवाय आठवड्यातनं एकदा दोरीच्या छोट्या चाबकाने पाठीवर मारून घ्यायचं, तेवढ्यात एक प्रार्थना म्हणून होते. हे न्युमररींचं, संसारी मेंबरांचं नाही. संघटना हे नाकारत नाही. कॅथलिक परंपरेत हा प्रकार जुना आहे, ह्यांनी शोधून काढलेला नाही. मला व्यक्तिशः हे बघवत नाही, पण सज्ञान माणूस स्वतःहून करत असेल तर हा अत्याचार म्हणायचा का ह्यावर वाद होऊ शकतो, आणि म्हणूनच पट्ट्याचा फोटो लावून सुरू होणारे लेख मी जरा सावधपणेच वाचतो. पट्ट्याच्या फोटोवर क्लिक मिळतात, इस्त्रीच्या टेबलावर मिळत नाहीत.

आणि खरी गोष्ट इस्त्रीच्या टेबलापाशीच आहे.

आरोप कसला आहे ते एका शब्दात लिहा

श्रम, लैंगिक अत्याचार, मनावरचा ताबा, की पैसा-राजकारण. चारातलं एक. लेखात चारही एकत्र ढवळले असतील तर तुम्ही ते सुटे करा, कारण प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या ठिकाणी सापडतो.

श्रमाचं उदाहरण आर्जेंटिनाचं. २०२१ मध्ये ४३ बायकांनी व्हॅटिकनकडे तक्रार केली. ह्या सगळ्या एकेकाळच्या न्युमररी असिस्टंट, आर्जेंटिना, पॅराग्वे, बोलिव्हिया, उरुग्वे इथल्या खेड्यापाड्यातल्या गरीब घरच्या. त्यांचं म्हणणं असं की शिक्षण देऊ, पुढे काम मिळेल असं सांगून लहान वयात आणलं, आणि मग वर्षानुवर्षं दिवसभर राबवून घेतलं, स्वयंपाक, पुरुषांच्या सेंटरमधल्या खोल्या साफ करणं, कपडे धुणं, हातात पगार नाही, आणि घरच्यांशी संबंध जवळपास तुटलेला. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारी वकिलांनी हा विषय कोर्टापुढे मांडला आणि शब्द वापरला तो मानवी तस्करी आणि श्रमिक शोषणाचा, निदान ४४ बायका, काळ १९७२ ते २०१५, आणल्या तेव्हा बहुतेकींचं वय १२ ते १६. संघटनेने तस्करीचा आरोप साफ नाकारला, ह्या बायका स्वखुशीने आलेल्या असं त्यांचं म्हणणं.

आता हे फाईलीत कसं लिहाल? "ओपस देईने मुलींची तस्करी केली" असं लिहिलंत तर चूक. "ओपस देईवर बिनबुडाचे आरोप" असं लिहिलंत तरी चूक. मी असं लिहितो: कोण, तर ४३-४४ माजी असिस्टंट, कुठे, तर आर्जेंटिना आणि शेजारचे देश, कधीचं, तर १९७२ ते २०१५, कुणापुढे, तर आधी व्हॅटिकन मग सरकारी वकील, पायरी, तर आरोप मांडले, निकाल नाही, समोरचं म्हणणं, तर नाकारलंय. सहा खाने. ज्या पोस्टमधनं ह्या सहातले तीनसुद्धा भरता येत नाहीत ती पोस्ट मी बाजूला ठेवतो, फेकत नाही हां, बाजूला ठेवतो, कधीकधी पुढे कुठेतरी उरलेले खाने भरले जातात.

पायरी हा खाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण कोर्टात निकाल वरखाली होतात आणि लोक आपल्याला आवडेल त्या पायरीवर थांबतात. फ्रान्समधली केस बघा. तिथल्या एका हॉटेल स्कूलमध्ये लहान वयात गेलेल्या एका माजी असिस्टंटने तक्रार केली की कागदावर न दाखवता काम करून घेतलं. २०११ ला पॅरिसच्या कोर्टाने आरोपींना सोडलं, २०१३ ला अपीलात दोषी, मग वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला, आणि २०१६ ला आमिअँच्या अपील कोर्टाने पुन्हा दोषी ठरवलं. कोणी २०११ चा कागद नाचवत "क्लीन चिट" म्हणेल, कोणी २०१३ चा. दोघांकडे खरा कागद आहे आणि दोघंही अर्धवट सांगतायत. त्यात दोषी ठरली ती त्या शाळेमागची असोसिएशन, कागदोपत्री ओपस देई नव्हे. हे नेहमीचं आहे, शाळा, होस्टेल, जमीन सगळं वेगवेगळ्या ट्रस्ट-असोसिएशनच्या नावावर असतं, तेव्हा "ओपस देईला शिक्षा" असं शोधून काही सापडणार नाही आणि तेवढ्यावरनं काही झालंच नाही असंही धरू नका.

लैंगिक अत्याचाराच्या केसेस

इथे जपून. स्पेनच्या बास्क भागात लेइओआ गावात गाझ्टेलुएटा नावाची शाळा आहे, १९५१ पासूनची, ओपस देईची पहिली शाळा. तिथल्या एका माजी विद्यार्थ्याने शिक्षकावर आरोप केला. शिक्षक पाद्री नव्हता, मेंबर होता, हा फरकही लक्षात ठेवा कारण बातम्यांत सरसकट "पाद्री" छापलं जातं. चर्चची आधीची चौकशी आरोपीच्या बाजूने बंद झाली. मग २०१८ ला प्रांतिक कोर्टाने ११ वर्षांची शिक्षा दिली. २०२० ला स्पेनच्या सुप्रीम कोर्टाने ती २ वर्षांवर आणली. शिक्षा कमी झाली, दोष गेला नाही, हे वाक्य मी फाईलीत अधोरेखित करून ठेवलंय कारण दोन्ही बाजूचे लोक ह्याच जागी चलाखी करतात. नंतर २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या बाजूने प्रकरण पुन्हा उघडायला लावलं.

दुसरी वॉशिंग्टनची. सी. जॉन मॅक्क्लॉस्की हा तिथला बडा पाद्री, राजकारणी आणि पत्रकार लोकांना कॅथलिक करून घेण्यासाठी प्रसिद्ध. संसारात अडचण होती म्हणून सल्ला मागायला आलेल्या एका बाईने त्याच्यावर अंगचटीला आल्याची तक्रार केली. २००५ मध्ये संघटनेने तिला ९,७७,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. लोकांना हे कळलं जानेवारी २०१९ मध्ये. मधली चौदा वर्षं? ह्या चौदा वर्षांवर कोणी कट-कारस्थानाची थिअरी केलेली मी तरी पाहिली नाही. इथे काही गूढ नाही, पैसे दिले, प्रकरण मिटलं, त्याला त्या जागेवरनं हलवलं, बाहेर बोलले नाहीत. खरी गुप्तता असते ती अशी असते, तळघरात मेणबत्त्या लावून नसते.

मनावरचा ताबा: नियम उलटे वाचा

ह्या प्रकारात कोर्टाचे कागद फार कमी मिळतात, कारण कुणी तुमची पत्रं वाचली किंवा दर आठवड्याला तुमच्याकडनं मनातलं सगळं काढून घेतलं तर त्याचा खटला कुठे भरणार? इथे एक युक्ती आहे, मला ती उशिरा सुचली. चर्चनेच ह्या संघटनेसाठी काय काय नियम घातले ते वाचा. कोणी उगीच नियम करत नाही. "इथे थुंकू नये" अशी पाटी दिसली की तिथे लोक थुंकत होते हे कळतंच ना.

डिसेंबर १९८१ मध्ये लंडनचे कार्डिनल बेसिल ह्यूम यांनी आपल्या वेस्टमिन्स्टर डायोसिसमध्ये (म्हणजे बिशपच्या हद्दीत) ओपस देईसाठी चार गोष्टी जाहीर केल्या. १८ वर्षांखालच्या कोणालाही दीर्घ मुदतीचा शब्द द्यायला लावू नये. तरुण मुलांनी सामील होण्याआधी आईवडिलांशी बोलावं. यायला आणि सोडून जायला मोकळीक असावी, आणि आपला आध्यात्मिक मार्गदर्शक निवडायचीही. आणि संघटनेचा जो उपक्रम असेल त्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं. आता ही चार वाक्यं उलटी करा. माजी मेंबर वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या दशकांत नेमकं हेच सांगत आलेत, लहान वयात ओढलं, घरी सांगू नको म्हणाले, सोडताना घाबरवलं, आणि अभ्यासिका म्हणून गेलो तर ती निघाली ह्यांची. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या गोष्टी एवढ्या जुळत असतील तर मी त्यांना वजन देतो. पण त्यातही बघा, सांगणारा स्वतःचं सांगतोय की ऐकलेलं. "माझी पत्रं डायरेक्टरच्या टेबलावरनं उघडून यायची" हे स्वतःचं. "वरचे लोक तर म्हणे ..." सुरू झालं की पेन खाली ठेवा.

बरं, गुप्ततेबद्दलही तसंच. १९५० च्या त्यांच्या नियमपुस्तकात कलम १९१ होतं, त्यात इतर मेंबरांच्या नावांबद्दल मौन पाळायला आणि आपण मेंबर आहोत हे वरच्याच्या परवानगीशिवाय न सांगायला सांगितलं होतं. म्हणजे "गुप्त संघटना" हा शब्द लोकांनी हवेतनं आणलेला नाही. १९८२ च्या नव्या नियमांत कलम ८९ मध्ये उलट लिहिलं की लपवाछपवी करायची नाही. आणि १९८६ ला इटलीच्या संसदेत प्रश्न आला तेव्हा गृहमंत्री ओस्कार लुइजी स्काल्फारो यांनी उत्तर दिलं की ही गुप्त संस्था नाही. मग आज काय धरायचं? मी "गुप्त" न म्हणता "तोंड मिटून असणारी" म्हणतो. नावं स्वतःहून सांगत नाहीत, पण पत्ता सगळ्यांना माहीत, न्यूयॉर्कमध्ये लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर १७ मजली ऑफिस उभं आहे, बायका-पुरुषांची दारं वेगळी.

आता वावड्या

इथे लोकांना मजा येते म्हणून वेळ जातो. पण ह्यात पण थोडं खरं असतंच, म्हणून सगळं झटकू नका.

स्पेनचं राजकारण घ्या. १९५७ ला हुकूमशहा फ्रँकोच्या मंत्रिमंडळात आल्बेर्तो उल्यास्त्रेस आणि मारियानो नावारो रुबिओ हे दोघं आले, दोघंही ओपस देईचे, दोघांनी अर्थखातं-व्यापारखातं हाती घेऊन देशाची अर्थव्यवस्था उघडली. १९६९ च्या मंत्रिमंडळात तर एवढे होते की लोक त्याला "एकरंगी" म्हणायचे. हे रेकॉर्डवर आहे. पण त्याच काळात राफाएल काल्वो सेरेर हासुद्धा ओपस देईचाच, तो माद्रिद नावाचं पेपर चालवायचा आणि फ्रँकोच्या सरकारने १९७१ ला ते बंद पाडलं. एकाच संघटनेचे लोक मंत्रीही आणि मंत्र्यांनी तोंड दाबलेले पण. "वरून हुकूम येतो आणि सगळे मान डोलावतात" ही थिअरी इथे अडखळते. ओळखीपाळखी होत्या, एकमेकांना वर ओढणं होतं, हे म्हणता येतं. एकच डोकं सगळं चालवत होतं हे नाही म्हणता येत.

बँकेचंही तसंच. लुइस वाल्स-ताबेर्नेर हा न्युमररी, तीस वर्षांहून जास्त काळ बांको पोपुलारचा प्रमुख होता, आणि ती बँक २०१७ ला बुडून सांतांदेरला एक युरोला गेली. संबंध खरा. "जगातल्या बँका" नव्हे, एक बँक.

मग रोबेर्तो कॅल्वी. बांको अँब्रोसियानो ह्या इटलीतल्या बँकेचा प्रमुख, १८ जून १९८२ ला लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेला सापडला, खिशात विटा. ह्याच्यावर तर काय काय लिहिलंय, माफिया, पी-टू लॉज नावाचं गुप्त मंडळ, व्हॅटिकन बँक आणि शेवटी ओपस देई. घरच्यांनी ओपस देईचं नाव घेतलं होतं, संघटनेने नाकारलं. रोममध्ये खटला चालला त्यात पाचही आरोपी २००७ ला सुटले, आणि ओपस देईवर कुठल्याही कोर्टात काही सिद्ध झालेलं नाही. बंद केसमध्ये जेवढी रिकामी जागा, तेवढे पाहुणे राहायला येतात. पोप जॉन पॉल पहिले १९७८ ला ३३ दिवसांत वारले त्याचंही हेच.

एक धमाल गोष्ट: १९४० च्या दशकात स्पेनमध्ये ह्याच संघटनेवर आरोप होता की ही फ्रीमेसन ह्या गुप्त मंडळाचीच शाखा आहे, आणि तो करणारे फ्रँकोचे कट्टर समर्थक होते. आता लोक म्हणतात ही फ्रीमेसनांच्या विरोधातली पोपची सेना. थिअरी तीच, फक्त कपडे बदललेत. ज्या पोस्टमध्ये फ्रीमेसन, जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांचा जुना संघ), इल्युमिनाटी आणि ओपस देई एकाच टेबलावर बसवलेत ती सरळ बंद करा, ओपस देई आणि जेझुइट यांचं आपसात फार जमत नाही एवढं तरी त्या लिहिणाऱ्याला माहीत हवं होतं.

रॉबर्ट हॅन्सन खरा आहे. एफबीआयचा एजंट, वीस वर्षांहून जास्त काळ मॉस्कोला माहिती विकली, फेब्रुवारी २००१ ला पकडला, आणि तो सुपरन्युमररी होता. त्यावरून संघटना हेरगिरी करते असा निष्कर्ष काढणं म्हणजे सुतावरून स्वर्ग. मेंबरांच्या ज्या याद्या फिरतात त्या तर बघूच नका. अमेरिकेचे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश अँटोनिन स्कालिया यांचं नाव त्यात वर्षानुवर्षं होतं, संघटनेने ते मेंबर नाहीत असं सांगूनसुद्धा. कोणी एकदा लेक्चरला गेला की यादीत.

पोपने नक्की काय केलं

"पोपने बंदी घातली" हे वाक्य दिसलं की थांबा. १९८२ ला जॉन पॉल दुसरे यांनी ह्यांना पर्सनल प्रिलेचर केलं, म्हणजे जणू जमिनीची हद्द नसलेला डायोसिस असं लोक समजायचे, असा दर्जा असलेली ही एकच. जुलै २०२२ मध्ये फ्रान्सिस यांनी कागद काढून ह्यांची देखरेख बिशपांच्या खात्यातून पाद्र्यांच्या खात्याकडे दिली आणि ह्यांचा प्रमुख यापुढे बिशप होणार नाही असं ठरवलं. ऑगस्ट २०२३ ला चर्चच्या कायद्यातली कलमं बदलून प्रिलेचरला पाद्र्यांच्या सार्वजनिक असोसिएशनच्या पंगतीला बसवलं. पंख छाटले म्हणा, बंदी नाही. आणि हे अत्याचारांची शिक्षा म्हणून केलं असंही त्या कागदांत लिहिलेलं नाही, ते आपण आपल्या मनाने जोडतो.

संघटनेची उत्तरं वाचताना फक्त एक बघा, प्रश्न काय होता आणि उत्तर कशाचं आलं. "पगार दिला का" ह्या प्रश्नाला "त्या स्वेच्छेने आल्या होत्या" हे उत्तर नाही. ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. पण "काटेरी पट्ट्याने माणसं मारता का" ह्याला "आमच्यात साधू नसतात" हे उत्तर पूर्ण आहे. मला तर वाटतं त्या कादंबरीने त्यांचं भलंच केलं, वीस वर्षं ते साधूबद्दल हसत हसत उत्तरं देत बसले आणि इस्त्रीबद्दल कोणी विचारलंच नाही.

एक फॉरवर्ड सोडवून बघू

मागच्या आठवड्यात मला आलेला जसाच्या तसा: "ओपस देई ही पोपची गुप्त सेना आहे, जगातल्या बँका त्यांच्या हातात आहेत, लहान मुलींना गुलाम बनवून ठेवतात, पोपने आता बंदी घातली आहे पण मीडिया दाखवत नाही."

पोपची सेना आणि पोपनेच बंदी, ही दोन वाक्यं एकमेकांनाच खातात, दोन्ही गेली. बँका, एक सापडली. मीडिया दाखवत नाही, अहो आर्जेंटिनाची बातमी मोठ्या न्यूज एजन्सीनेच २०२१ ला जगभर दिली, तेही गेलं. उरल्या मुली. "गुलाम" हा शब्द काढला, "लहान" च्या जागी वय टाकलं, देश टाकला, सरकारी वकील टाकले, नाकारलंय हेही टाकलं. तयार झालं ते असं: आर्जेंटिनात सरकारी वकिलांनी २०२४ मध्ये ओपस देईवर निदान ४४ बायकांच्या तस्करीचा आणि श्रमिक शोषणाचा आरोप ठेवला, बहुतेकींना १२ ते १६ वयात आणलं होतं, संघटनेने आरोप फेटाळलाय, निकाल नाही.

ह्यात तक्रार करणाऱ्या कोणाचंही नाव टाकू नका, पेपरात आलेलं असलं तरी. त्या बायका स्वतः पुढे येऊन बोलल्यात ते त्यांच्या हिशोबाने, आपल्या फॉरवर्डसाठी नाही. आणि कधी प्रत्यक्ष कोणी तुमच्यासमोर असलं काही सांगायला लागलं, मग ते कुठल्याही संघटनेबद्दल असो, तर हे सहा खाने वगैरे काढून बसू नका. ऐकून घ्या, तारीख-जागा आठवतेय तेवढी त्यांनाच लिहून ठेवायला सांगा, आणि कुठे जायचं हे त्यांना ठरवू द्या.

मी तो दुरुस्त मेसेज ग्रुपवर टाकला. मूळ फॉरवर्डला एकतीस अंगठे आले होते, माझ्याला तीन, आणि खाली एकाने विचारलं, "मग त्या साधूचं काय झालं?"